थकबाकी असताना वीजकंपनी बदलता येते का?

मुंबईत वीजबिलाच्या थकबाकीविषयी आणि त्याच वेळी पुरवठादार बदलण्याविषयी विचारणा करणारी अनेक पत्रे या सदराकडे आली. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आम्ही पश्चिम उपनगरात राहतो. इमारतीच्या दुरुस्तीच्या काळात तळमजल्यावरची मीटरची खोली परांचीमागे बंद होती. त्यामुळे चार महिने वाचन झाले नाही आणि सरासरीची बिले येत राहिली. त्याच काळात सासूबाईंसाठी घरी ऑक्सिजनचे यंत्र आणि एसी रात्रंदिवस चालू होते आणि दवाखान्याच्या धावपळीत ती बिलेही भरायची राहून गेली. आता प्रत्यक्ष वाचनानुसार चार महिन्यांचे 1,600 युनिट धरून एकूण 18,400 रुपयांचे बिल हातात आले आहे. एरवी आमचे बिल दोन हजारांच्या आसपास असते. दुसऱ्या कंपनीकडे गेल्यास नवे खाते उघडेल आणि ही बाकी मागे राहील, असे शेजारी सांगतात. हे खरे आहे का?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : खरे नाही. शेजाऱ्यांचा हेतू चांगला असला तरी त्यांच्या सल्ल्यावर विसंबू नये. वाण्याचे दुकान बदलले म्हणून आधीच्या वाण्याची उधारी मिटत नाही, तसेच हे आहे. शिवाय येथे जुन्या दुकानदाराशी असलेला संबंधही पूर्ण तुटत नाही.

तो का तुटत नाही, हे समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी पाहावी लागेल. एकाच भागात दोन वीजपुरवठादारांमधून निवड करण्याची सोय घरगुती ग्राहकाला देशात फार थोड्या ठिकाणी आहे आणि मुंबईची उपनगरे त्यांपैकी एक आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2008 मध्ये टाटा पॉवरला मुंबईत थेट किरकोळ ग्राहकांना वीज विकता येईल असा निकाल दिला. त्यानंतर ऑक्टोबर 2009 मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने उपनगरांतील ग्राहकांना त्याच जुन्या तारांवरून दुसऱ्या कंपनीची वीज घेण्याची मुभा दिली. तेव्हा ते जाळे रिलायन्सकडे होते. 2018 पासून ते अदानी इलेक्ट्रिसिटीकडे आहे. या पद्धतीला सर्वजण 'चेंजओव्हर' म्हणतात. तिच्यात बिल नव्या कंपनीचे येते, मात्र वीज घरात पोहोचवणाऱ्या तारा आधीच्याच कंपनीच्या राहतात आणि त्यांचा वहन आकार तुमच्या बिलातून तिला मिळत राहतो. दुसरी पद्धत 'स्विचओव्हर'ची. तिच्यात नव्या कंपनीच्या स्वतःच्या तारांवरून जोडणी मिळते, मात्र त्यासाठी त्या परिसरात तिचे जाळे असावे लागते.

चेंजओव्हरचा अर्ज नव्या कंपनीकडे करायचा असला तरी तो पुढे सरकण्यासाठी जुन्या कंपनीकडून तुमच्या खात्यावर बाकी नसल्याची खातरजमा व्हावी लागते. बाकी निघाली की अर्ज तेथेच अडकतो. त्यामुळे बदलाचा विचार तूर्त बाजूला ठेवावा आणि या 18,400 रुपयांचे काय करायचे ते आधी ठरवावे.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुरवठादाराची नसून त्या 1,600 युनिटांची आहे. घरगुती दर टप्प्यांत आकारला जातो: महिन्याला पहिल्या 100 युनिटांपर्यंत सर्वांत कमी, 101 ते 300 पर्यंत त्याहून अधिक, 301 ते 500 पर्यंत आणखी अधिक आणि 500 च्या वर सर्वांत जास्त. 1,600 युनिट चार महिन्यांत समान वाटल्यास महिन्याला 400 होतात. म्हणजे चारही महिने मिळून 400 युनिट पहिल्या टप्प्यात, 800 दुसऱ्यात आणि उरलेले 400 तिसऱ्यात बसतात, सर्वांत महागड्या टप्प्यात एकही जात नाही. तेच 1,600 युनिट एकाच महिन्याचे धरले, तर पहिल्या टप्प्यात 100, दुसऱ्यात 200, तिसऱ्यात 200 आणि थेट 1,100 युनिट महागड्या टप्प्यात जातात. वाचन अनेक महिन्यांनी झाले असेल तेव्हा युनिट त्या-त्या महिन्यांत विभागून टप्प्यांचा लाभ देणे अपेक्षित आहे. 2020 च्या टाळेबंदीनंतर जून महिन्यात मुंबईकरांच्या हाती जी भरमसाट बिले पडली, त्या वेळी हाच मुद्दा ऐरणीवर आला होता आणि फार मोठ्या बिलांसाठी तीन हप्त्यांची सवलतही द्यावी लागली होती. तेव्हा बिलाच्या मागच्या बाजूला असलेला टप्पानिहाय तपशील काढून पाहा. विभागणी झालेली नसेल, तर दुरुस्तीच्या काळातले सोसायटीचे पत्र जोडून लेखी अर्ज करा. सरासरीची बिले यात पुन्हा मोजली गेलेली नाहीत ना, हेही तपासून घ्या.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ऑक्सिजनचे यंत्र आणि एसी चालू होते, त्यामुळे वाढीव वापर प्रत्यक्ष झालेला आहे. सगळे बिलच अमान्य आहे, अशी भूमिका घेतल्यास ती टिकणार नाही. दुरुस्त बिलाची मागणी आणि दुरुस्त रकमेसाठी हप्त्यांची विनंती, या दोन गोष्टी एकाच अर्जात मागा. हप्ते देणे बहुतांशी कंपनीच्या मर्जीवर अवलंबून असते, पण आजारपणाची कागदपत्रे सोबत असलेल्या ग्राहकाला सहसा नकार मिळत नाही, असा अनुभव आहे.

या काळात वीज तोडली जाण्याची भीती असेल, तर वीज कायदा 2003 चे कलम 56 लक्षात ठेवावे. थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी कंपनीने किमान 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस दिली पाहिजे. रकमेविषयी वाद असेल, तर ग्राहकाने हरकत नोंदवून दोहोंपैकी कमी असलेली रक्कम भरावी: मागितलेली पूर्ण रक्कम, किंवा आधीच्या सहा महिन्यांत भरलेल्या सरासरी बिलाच्या हिशेबाने प्रत्येक महिन्याची होणारी रक्कम. अशी रक्कम भरली की वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. तुमच्या बाबतीत दरमहा 2,000 धरल्यास चार महिन्यांचे 8,000 रुपये होतात. भरणा करताना पावतीवर किंवा सोबतच्या पत्रावर 'हरकत नोंदवून भरणा' असे शब्द अवश्य लिहा. खिडकीवर किंवा मोबाईलवरून नुसते पैसे भरून मोकळे झालात, तर ही हरकत नंतर सिद्ध करणे अवघड जाते.

कंपनीच्या उत्तराने समाधान झाले नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येते. त्यासाठी वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. मंचाचा आदेश मान्य नसेल, तर 60 दिवसांच्या आत विद्युत लोकपालांकडे दाद मागावी. दोन्ही ठिकाणी आपली बाजू आपणच मांडता येते, वकील असलाच पाहिजे असे नाही. या सर्वांचा निकाल लागून खाते कोरे झाले, की मग पुरवठादार बदलण्याचा अर्ज निर्वेधपणे करावा.

आणि तो करावाच का, हेही तपासून पाहा. दोन कंपन्यांच्या केवळ वीज आकाराची तुलना करू नये. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार असे सारे मिळून, तुमच्या नेहमीच्या युनिटांवर होणारे एकूण बिल दोन्हीकडे काय येते ते कागदावर मांडून पाहावे. आयोगाच्या प्रत्येक दरआदेशानंतर हे गणित बदलते आणि एका टप्प्यात स्वस्त पडणारी कंपनी दुसऱ्या टप्प्यातही स्वस्तच पडेल असे नाही. गंमत अशी की थकबाकी केवळ ग्राहकांचीच असते असेही नाही. दरांतून वसूल व्हायची राहिलेली कंपन्यांची जुनी तूटही आयोग पुढे वसूल करू देतो आणि दुसरीकडे गेलेल्या ग्राहकांकडूनही असा आकार उपनगरांत घेतला गेलेला आहे.

प्रश्न : मी उपनगरात जुना फ्लॅट विकत घेतला. आधीच्या मालकाने दीड वर्षाचे वीजबिल भरलेले नाही आणि जोडणी तोडलेली आहे. बाकी त्याची असताना ती मी का भरावी? मी दुसऱ्या कंपनीकडून माझ्या नावाने नवी जोडणी घेऊ शकतो का?
— एक वाचक, मालाड

उत्तर : तुमचा संताप समजण्यासारखा आहे, पण कायदा पूर्णपणे तुमच्या बाजूचा नाही. मे 2023 मध्ये केरळच्या वीज मंडळाशी संबंधित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले, की त्या राज्यातील नियमांत तशी तरतूद असेल, तर आधीच्या मालकाची बाकी भरण्याची अट नव्या जोडणीसाठी घालता येते. महाराष्ट्रात आयोगाच्या पुरवठा संहितेत, म्हणजे वीजपुरवठ्याच्या नियमावलीत, तशी तरतूद आहे. न भरलेली बाकी त्या जागेवरील बोजा मानली जाते आणि जागेबरोबर ती नव्या मालकाकडे येते.

मात्र याच संहितेने खरेदीदाराला मोठा दिलासा दिलेला आहे: त्याच्यावर येणारी ही जबाबदारी जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या न भरलेल्या वीज आकारापुरती मर्यादित आहे. दीड वर्षाची बाकी तुमच्याकडून मागितली जात असेल, तर ही मर्यादा लेखी दाखवून द्या. ही मर्यादा कायदेशीर वारसाला लागू होत नाही. वडिलांच्या नावावरची जोडणी मुलाच्या नावावर होताना पूर्ण बाकीचा प्रश्न येतो.

दुसऱ्या कंपनीकडून जोडणी घेऊन ही बाकी टाळता येईल, असे गृहीत धरू नका. चेंजओव्हरमध्ये तारा जुन्याच कंपनीच्या असल्याने जागेवरची बाकी तिच्या नजरेतून सुटत नाही. त्यापेक्षा आधीच्या मालकाशी झालेला खरेदीकरार काढून वाचा. ताबा देण्यापूर्वीची सर्व देणी विक्रेत्याची, असे कलम बहुतेक करारांत असते. सहा महिन्यांची रक्कम भरून जोडणी सुरू करून घ्यावी आणि ती पावती जोडून त्या कलमाच्या आधारे विक्रेत्याकडून वसुली करावी, हा त्यातल्या त्यात सरळ मार्ग आहे. ज्यांचा व्यवहार अजून व्हायचा आहे, त्यांनी सोसायटीच्या ना-हरकत प्रमाणपत्राबरोबर विक्रेत्याकडून शेवटचे भरलेले वीजबिलही मागून घ्यावे. लाखोंच्या व्यवहारात हा एक कागद मागायचा राहून जातो.

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला असते. तिकडे बाकी असतानाही कंपनी बदलता येते असे ती म्हणते. मग आपल्याकडेच ही अडवणूक का?
— एक ज्येष्ठ वाचक, विलेपार्ले

उत्तर : मुलीचे म्हणणे बरोबर आहे, पण अर्धे. ब्रिटनमध्ये बाकी 28 दिवसांपेक्षा कमी काळाची असेल, तर पुरवठादार बदलता येतो आणि ती रक्कम जुन्या कंपनीच्या अंतिम बिलात येते. त्याहून जुनी बाकी असेल, तर ती आधी भरावी लागते. प्रीपेड मीटर असलेल्या ग्राहकांसाठी मात्र वेगळी सोय आहे: वीज आणि गॅस यांपैकी प्रत्येकी 500 पौंडांपर्यंतची बाकी नव्या कंपनीकडे वर्ग करून तेथे हप्त्याहप्त्याने फेडता येते. म्हणजे बाकी तिकडेही माफ होत नाही, ती केवळ ग्राहकाबरोबर प्रवास करते. अशी वर्ग करण्याची व्यवस्था आपल्याकडे असावी, असे आमचेही मत आहे. दोन-तीन हजारांच्या बाकीसाठी ग्राहकाला महागड्या दरात अडकवून ठेवण्याने ती बाकी वसूल व्हायला मदत होत नाही, उलट दर महिन्याला ती वाढतच जाते.

प्रश्न : आम्ही दादरला राहतो. बेस्टचे काही बिल थकले आहे. आम्हाला टाटाकडे जाता येईल का?
— एक वाचक, दादर

उत्तर : बेस्ट हा महापालिकेचा उपक्रम असल्याने तिच्या तारांवरून दुसऱ्याची वीज घेण्याची उपनगरांसारखी सोय शहर भागात नाही. टाटाने स्वतःची तार तुमच्या इमारतीपर्यंत आणली तरच ते शक्य होते. थकलेले बिल असल्यास बेस्टच्या विभागीय कार्यालयात जाऊन हप्ते मागणे, हेच तुमच्यासाठी अधिक व्यवहार्य आहे.

प्रश्न : मी पुरवठादार बदलण्याचा अर्ज केल्यावर, पाच वर्षांपूर्वी चुकीच्या दराने बिल आकारले गेले होते, असे सांगून जुन्या कंपनीने फरकाची मोठी रक्कम मागितली आहे. दोन वर्षांनंतर बाकी मागता येत नाही, असे मी वाचले होते.
— एक वाचक, घाटकोपर

उत्तर : तुम्ही वाचलेली तरतूद कलम 56(2) मधील आहे. रक्कम प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर ती वसूल करता येत नाही, मात्र ती बिलांत सतत बाकी म्हणून दाखवलेली असेल तर गोष्ट वेगळी. अजमेरच्या वितरण निगमाच्या प्रकरणात नेमका तुमच्यासारखाच प्रसंग होता: 2009 ते 2011 या काळात चुकीचा दर लावला गेला आणि फरकाची मागणी 2014 मध्ये केली गेली. फेब्रुवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की अशा चुकीमुळे राहिलेल्या फरकाची मागणी कंपनी नंतरही करू शकते आणि त्यासाठी कायद्यातील इतर मार्ग तिला मोकळे आहेत, पण त्या रकमेसाठी पुरवठा तोडण्याचा बडगा तिला उगारता येणार नाही.

म्हणून आधी तुमची मागील बिले काढा आणि ही रक्कम कोणत्याही बिलात बाकी म्हणून दाखवली होती का, ते पाहा. दाखवली नसेल, तर फरकाचा महिनावार तपशील आणि त्याला आधार असलेला दरआदेश लेखी मागा. या एका वादग्रस्त मागणीमुळे बदलाचा अर्ज रोखून धरला असल्यास, तसे लेखी कारण देण्याचा आग्रह धरा आणि ते पत्र जोडून मंचाकडे जा. तोंडी नकारावर मंचापुढे काही मांडता येत नाही. तोवर चालू महिन्यांची बिले मात्र वेळेवर भरत राहा.