वाळवंट की बेबिंक?

प्रश्न : सर, नमस्कार. मोरजीला आमचं छोटं गेस्ट हाऊस आहे. नवीन मेनू कार्ड छापून आलं, त्यात गोड पदार्थांवरच्या मथळ्यात एकच 'एस' आहे. एका पाहुण्याने सांगितलं, याचा अर्थ वाळवंट होतो. शिवाय नाश्ता फुकट, हे सांगणाऱ्या 'कॉम्प्लिमेंटरी' शब्दात मधे 'आय' की 'ई', यावरून घरात वाद चालू आहे. मुलगा दहावीत आहे, त्याचाही अशा शब्दांत गोंधळ उडतो. हे लक्षात कसं ठेवायचं?
— एक वाचक, मोरजी

उत्तर : ताई, पाहुण्याचं म्हणणं खरं आहे. कार्ड दुरुस्त करून घ्या. गोडाच्या शब्दात 'एस' दोनदा, वाळवंटाच्या शब्दात एकदाच. उच्चारही वेगळे आहेत. वाळवंट ते 'डेझर्ट', जोर सुरुवातीला. गोड ते 'डिझर्ट', जोर शेवटाकडे. आपण दोन्हींना सरसकट डेझर्ट म्हणतो आणि मग लिहिताना अडतो.

गोडाचा शब्द फ्रेंचमधून आला. मूळ क्रियापदाचा अर्थ टेबलावरचं आवरणं. जेवणाची ताटं उचलली की मग जे वाढायचं, ते डिझर्ट. आपल्याकडे श्रीखंड, पुरण ताटातच येतं, त्यामुळे ही कल्पना आपल्या अंगवळणी पडलेली नाही. पण तुमच्याकडे पाहुण्यांचं जेवण आटोपल्यावर बेबिंकाचा तुकडा किंवा दोदोल नेऊन ठेवता ना? नेमकं तेच. एक सावधगिरी मात्र बाळगा. सोडून जाणं, सैन्यातून पळून जाणं यासाठीचं क्रियापद एकाच 'एस'ने लिहितात, पण उच्चारतात 'डिझर्ट'. म्हणून नुसत्या कानावर विसंबू नये.

आता नाश्ता. तिथे 'आय'च हवा. 'आय'वाला शब्द कौतुकाचा, सौजन्याचा. यजमानाने आपणहून दिलेलं, म्हणून फुकट. 'ई'वाला शब्द पूरक या अर्थाचा. 'कम्प्लीट' या शब्दातला 'ई' आठवला की तो चुकत नाही. दोन्ही शब्द लॅटिनमधल्या 'भरणं' या एकाच क्रियापदातून निघाले, म्हणून इतके सारखे दिसतात. सोलकढी बिलात न लावता दिलीत तर 'आय', आणि सोलकढीने हुमण-भाताची गोडी पुरी केली तर 'ई'. मुलाला हे असंच सांगा, लगेच कळेल.

मुलाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण फोंड्याला हायस्कुलात इंग्रजी शिकवताना हाच गोंधळ मी वर्षानुवर्षं पाहिला. गाइडांमध्ये असे शब्द जोडीने छापतात आणि मुलं जोडीनेच घोकतात. माझा याला स्पष्ट विरोध आहे. जुळी भावंडं एकाच वेळी भेटली तर कोण कुठला ते ठरत नाही; एकाची नीट ओळख झाल्यावर दुसरा भेटावा. एक शब्द घ्यायचा, त्याची चार वाक्यं वहीत लिहायची, तो अंगात मुरू द्यायचा. दुसऱ्याची पाळी आठवड्याने.

उदाहरण म्हणून वह्या-पेनांची 'स्टेशनरी' घ्या. मध्ययुगात युरोपात फिरते विक्रेते पुष्कळ असत. एका जागी ठाण मांडून पुस्तकं विकणारा, बहुधा विद्यापीठाच्या आसपासचा, तो स्टेशनर. त्याच्या दुकानातला माल ती स्टेशनरी, शेवटी 'ई-आर-वाय'. 'पेपर' शब्दातही 'ई-आर' आहेच. हे पक्कं झालं की मग एका जागी स्थिर उभं असलेलं वाहन, 'ए-आर-वाय'वालं, सांगावं. मूळ दोघांचं एकच, एका जागी उभं राहणं.

शाळेचे मुख्याध्यापक 'प्रिन्सिपल', शेवटी 'ए-एल'. तत्त्व तेही 'प्रिन्सिपल', शेवटी 'एल-ई'. कर्जातलं मुद्दल 'ए-एल'च, बँकेच्या कागदावर पाहून घ्या.

काही जोड्यांत मात्र आपली देवनागरी मोठी मदत करते, आणि मराठी माध्यमातल्या मुलांनी ती हक्काने वापरावी. रायबंदरहून चोडणला जाते ती 'फेरी', गोष्टीतली परी 'फेअरी'. किनारा 'कोस्ट', खर्च 'कॉस्ट'. जहाज 'शिप', मेंढी 'शीप'. ऱ्हस्व-दीर्घ आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. उच्चार देवनागरीत लिहून काढला की फरक डोळ्यांना दिसतो. स्टेशनरीच्या जोडीला हा उपाय लागू पडत नाही, कारण तिथे उच्चारात फरकच नाही.

प्रश्न : मुरगाव बंदरात जहाज लागतं तो 'बर्थ' आणि जन्माचा 'बर्थ' एकच का?
— एक वाचक, वास्को

उत्तर : नाही. उच्चार एक, शब्द दोन. जहाजाच्या बर्थमध्ये 'ई', जन्माच्या बर्थमध्ये 'आय'. रेल्वेतला झोपायचा बर्थही 'ई'नेच लिहायचा. तुमचं काम बंदरातलं असेल तर आणखी दोन शब्द वहीत नोंदवा. बार्जमधून येतं ते खनिज 'ओ-आर-ई', होडीचं वल्हं 'ओ-ए-आर', उच्चार सारखाच. आणि धक्क्यासाठीचा शब्द 'क्यू-यू-ए-वाय' असा लिहितात, पण वाचताना किल्लीच्या शब्दासारखा 'की' म्हणायचा, 'क्वे' नव्हे.