आपल्याच माऱ्यात जवान गेल्यास लष्कर ते कबूल करते का?

आपल्याच सैन्याच्या माऱ्यात जवान मृत्युमुखी पडले तर ते मान्य केले जाते का, आणि कोणाला शिक्षा होते का, असे आपण विचारले आहे. दोन्ही गोष्टी होतात. पण मृताच्या घरच्यांना खरे कारण कधी कळावे, याचा कोणताही नेम नाही, आणि मला तेच सर्वांत गैर वाटते.

२७ फेब्रुवारी २०१९ रोजी भारत आणि पाकिस्तानची लढाऊ विमाने समोरासमोर आलेली असताना हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर श्रीनगरजवळ बडगाम येथे कोसळले. त्यातील सहाही जण आणि जमिनीवरचा एक नागरिक ठार झाला. त्या सहा जणांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. नाशिकमध्ये त्यांच्यावर लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले, तेव्हा हेलिकॉप्टर कशामुळे पडले हे अधिकृतपणे कोणी सांगितले नव्हते. सात महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, नव्याने सूत्रे घेतलेले हवाई दलप्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी पत्रकार परिषदेत सांगितले की, ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडले आणि ही मोठी चूक होती. मधल्या काळात लोकसभेची निवडणूक होऊन गेली. विलंबाचे कारण निवडणूकच होते असे मी म्हणणार नाही, मात्र अधिकृत मौन लांबले की असा संशय येणारच, आणि त्याचा दोष संशय घेणाऱ्यांना देता येत नाही.

शिक्षेचे म्हणाल, तर २०२३ मध्ये कोर्ट मार्शलने श्रीनगर तळावरील तत्कालीन मुख्य परिचालन अधिकाऱ्याच्या बडतर्फीची शिफारस केली. म्हणजे प्रकरण दडपले गेले, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

याच्या शेजारी ब्रह्मोसचे प्रकरण ठेवून पाहा. ९ मार्च २०२२ रोजी आपले क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानात पडले. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानने ते जगजाहीर केले, ११ मार्चला भारत सरकारने चूक मान्य केली आणि ऑगस्टमध्ये तीन अधिकारी बडतर्फ झाले. तिथे जीवितहानी झाली नव्हती. शेजारी देश जाब विचारत होता म्हणून दोन दिवसांत जे बोलता आले, ते सहा जवानांच्या घरच्यांसाठी सात महिने का बोलता आले नाही?

अमेरिकेतही सुरुवात वाईटच झाली होती. पॅट टिलमन हा सैनिक २२ एप्रिल २००४ रोजी अफगाणिस्तानात सहकाऱ्यांच्याच गोळ्यांनी मेला, तरी तो शत्रूशी लढताना पडला असेच कुटुंबाला आणि देशाला सांगण्यात आले. सत्य पाच आठवड्यांनी बाहेर आले. पण २००७ मध्ये त्याच्या आईने संसदीय समितीपुढे उघडपणे साक्ष दिली आणि एका निवृत्त लेफ्टनंट जनरलवर लेखी ठपका ठेवला गेला.

रडारची क्षमता, सांकेतिक खुणा, तैनाती हे गुप्त राहिलेच पाहिजे. माहिती अधिकाराच्या कायद्यातही सुरक्षेचा अपवाद आहे. परंतु ‘मारा आपलाच होता’ हे एक वाक्य, त्याबद्दल खात्री पटताच, पत्रकार परिषदेआधी घरच्यांना सांगितल्याने कोणतेही गुपित फुटत नाही. तेवढ्यासाठी ठरलेली मुदत आणि ती पाळण्यास जबाबदार असलेला नेमका अधिकारी, हे दोन्ही नियमात लिहिले जावे, असे मला वाटते.