क्लस्टर भांड्यातच घडतो, त्याला वेळ द्या

तुमचा प्रश्न असा: जूनमध्ये एमओएफ-५ (धातूचे पुंजके आणि त्यांना जोडणारे सेंद्रिय रेणू यांच्या जाळीचा सच्छिद्र स्फटिक) केलं, ताज्या पावडरीचा एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासणारा आलेख) व्यवस्थित आला, पण बाटली टेबलावर राहिली आणि ८.९ अंशांच्या कोनाला नवा पीक (उंचवटा) दिसू लागला. कृती चुकली का? नाही हो. हा गोव्याच्या पावसाळी हवेचा प्रताप.

एमओएफ-५ मध्ये एका ऑक्सिजनभोवती जस्ताचे चार अणू असतात (हाच क्लस्टर, म्हणजे पुंजका) आणि सहा कार्बोक्झिलेट, म्हणजे लिंकरची (जोडणाऱ्या रेणूंची) टोकं, त्यांना बाहेरून धरतात. प्रत्येक जस्ताभोवती ऑक्सिजन चारच, म्हणून पाण्याला शिरायला वाव मिळतो. ते जस्ताला चिकटतं आणि लिंकर सुटू लागतो. रसायनशास्त्रज्ञ ओमर याघी यांच्या गटाने १९९९ मध्ये मांडलेली ही रचना फार देखणी आहे (२०२५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी), पण ग्लोव्हबॉक्स (कोरड्या वायूची बंद पेटी) नसेल तर चवथ होऊन हवा कोरडी पडेपर्यंत तिच्या वाटेला जाऊ नका.

तोवर यूआयओ-६६ करा. हेही एमओएफच, ऑस्लो विद्यापीठातलं, २००८ मधलं. लिंकर तोच, टेरेफ्थॅलिक आम्ल. क्लस्टर मात्र सहा झिर्कोनियमचा, आणि त्याला बारा कार्बोक्झिलेट धरतात. पाण्यात धुतलं तरी टिकतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बरेच जण इथेच अडतात. आपण भांड्यात क्लस्टर टाकत नाही, झिर्कोनियम क्लोराइड टाकतो. क्लस्टर तिथेच घडतो आणि त्यातला ऑक्सिजन पाण्यातून येतो. त्यामुळे डीएमएफ (ज्यात हे सगळं विरघळवतो ते द्रावक) अगदी कोरडं करायच्या मागे लागू नका, थोडं पाणी हवंच. मात्र क्लस्टर घडताक्षणी लिंकर त्यावर तुटून पडला, तर स्फटिकांऐवजी जेलसारखा लगदा हाती येतो. म्हणून ॲसेटिक आम्ल घालायचं, झिर्कोनियमच्या एका मोलला तीसेक मोल. ते लिंकरच्या जागा अडवून बसतं, हळूहळू सोडतं, आणि चुकीचा जोडलेला लिंकर सुटून पुन्हा नीट बसू शकतो. १२० अंश सेल्सिअसवर चोवीस तास ठेवा. बाटली पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नका आणि उघडाल ती फ्यूमहूडमध्येच: आत हायड्रोक्लोरिक आम्ल तयार झालेलं असतं, आणि डीएमएफ यकृताला घातक.

एक्सआरडीत तांब्याच्या क्ष-किरणांवर ७.४ आणि ८.५ अंशांना पीक यायला हवेत. ते पसरट आले तर पुढच्या खेपेला ॲसेटिक आम्ल वाढवा. फार वाढवलंत तर काही जागा लिंकरविना राहतात. त्यामुळे एक्सआरडीवर थांबू नका, टीजीए (तापवत नेऊन वजनातली घट मोजणं) काढाच.