स्लोन सर्वेक्षणाचा वर्णपट टॉपकॅटमध्ये काढण्यापूर्वी

स्लोन या आकाश-सर्वेक्षणाची फिट्स (खगोलशास्त्रीय माहिती साठवण्याच्या स्वरूपातील) फाइल टॉपकॅट या तक्ते हाताळणाऱ्या संगणक-प्रणालीत आलेखित केल्यावर आडव्या अक्षावर ३.५६ ते ४.०२ असे आकडे का दिसतात आणि वर्णपटातील रेषा पाठ्यपुस्तकातील तरंगलांब्यांशी का जुळत नाहीत, असे आपण विचारले आहे.

फाइल बिघडलेली नाही. ‘लॉगलॅम’ या स्तंभात तरंगलांबीचा दहा पायाचा लॉगॅरिथम असतो; म्हणून दहाचा तेवढा घात घेणारा नवा स्तंभ जोडावा, की तरंगलांबी अँगस्ट्रॉममध्ये (मीटरचा एक हजार कोटीवा भाग) मिळते. ही रचना मुद्दाम केलेली आहे, कारण या स्तंभातील ०.०००१ ची प्रत्येक पायरी सर्वत्र सुमारे ६९ किलोमीटर प्रतिसेकंद इतक्याच वेगाची असते आणि त्यामुळे ताम्रसृती (दूर जाणाऱ्या स्रोताच्या प्रकाशाची तरंगलांबी वाढणे) म्हणजे संपूर्ण वर्णपटाचे केवळ सरकणे ठरते.

ताम्रसृतीची दुरुस्ती केल्यावरही हायड्रोजन-अल्फा रेषा ६५६२.८ ऐवजी ६५६४.६ अँगस्ट्रॉमवर दिसेल, कारण या तरंगलांब्या निर्वातातील आहेत, तर जुन्या तक्त्यांतील हवेतील. हा फरक ८० किलोमीटर प्रतिसेकंदांहून अधिक भरतो, तेव्हा तो किरकोळ समजू नये. सूर्यकेंद्री दुरुस्ती (पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या गतीचा परिणाम काढून टाकणे) मात्र आधीच झालेली असते. ती पुन्हा करू नये.

‘आयव्हार’ (मोजमापाच्या प्रचरणाचा व्यस्त; शून्य म्हणजे मोजमाप वापरण्याजोगे नाही) शून्य असलेले बिंदू कृपया रिकामे ठेवावेत. तेथे फ्लक्स (प्रकाशाची मोजलेली तीव्रता) शून्य लिहिल्यास पाहणाऱ्याला खोटी शोषणरेषा दिसते, आणि माझ्या मते सर्वांत घातक चूक हीच आहे. शेवटी तक्ता व्हीओटेबल या खगोलशास्त्रीय तक्त्यांच्या स्वरूपात साठवावा, म्हणजे एककेही सोबत राहतात.