दहा मिली स्टॉक, शंभर मिली पाणी आणि हिरवट टॉवेल

प्रश्न : मॅडम, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका डाईंग युनिटच्या लॅबमध्ये सहा महिन्यांपासून आहे, बीएस्सी केमिस्ट्री झालंय. आमच्याकडं 1 टक्क्याचे कलर स्टॉक (पाण्यात विरघळवून ठेवलेले कलर) असतात, फिक्या शेडला त्यातनं 0.1 टक्क्याचा करून घेतो. मी 10 मिली स्टॉक घेतो, त्यात 100 मिली पाणी टाकतो. लॅबमध्ये 5 ग्रॅमच्या हँकवर (सुताच्या लडीवर) शेड पार्टीच्या सॅम्पलला जुळते पण तीच रेसिपी बल्कला, म्हणजे युनिटमधल्या मोठ्या मालाला, दिली की क्रीम, बिस्किट असल्या शेड हिरवट येतात आणि डाईंग मास्तर माझ्यावर चिडतात. दुसरं म्हणजे अ‍ॅसिटिक 1:10 करून ठेव म्हणतात, ते नेमकं किती?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : अरे, गडबड त्या 100 मिली पाण्यातच आहे. 10 मिली स्टॉक आणि वर 100 मिली पाणी म्हणजे सगळं मिळून 110 झालं ना, 10 मिलीत जो 0.1 ग्रॅम कलर होता तो आता 110 मिलीत पसरला, म्हणजे साधारण 0.091 टक्के. पाणी 90 मिलीच पाहिजे होतं. खरं तर पाणी मोजायचंच नाही, 100 मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये पिपेटनं 10 मिली सोडायचा आणि खुणेपर्यंत भरायचं. सी1 व्ही1 बरोबर सी2 व्ही2 (सी म्हणजे तीव्रता, व्ही म्हणजे आकारमान, 1 आधीचं, 2 नंतरचं) कॉलेजात सगळ्यांनीच घोकलेलं असतं, पण त्यातला व्ही2 म्हणजे शेवटी फ्लास्कात जेवढं झालं ते सगळं, वरनं ओतलेलं पाणी नव्हे, हे कुणी ठासून सांगत नाही आणि माझ्या बघण्यात पोरं सगळ्यात जास्त इथंच चुकतात.

आता बल्क हिरवट का येतं ते बघ. बिस्किट शेडमध्ये मालाच्या वजनावर पिवळा 0.3 टक्के, लाल 0.1 आणि निळा 0.02 आहे असं धर. हिशेब तुमचा रोजचाच, हँकचं वजन गुणिले शेडचा टक्का भागिले स्टॉकचा टक्का. पिवळा आला 1.5 मिली, लाल 0.5, दोन्ही 1 टक्क्याच्या बाटलीतनं. निळाही त्याच बाटलीतनं घेतला तर येतो 0.1 मिली, म्हणजे जेमतेम दोन थेंब, पिपेटच्या टोकाला चिकटून राहतं त्यातच तो जायचा, म्हणून निळ्याचा 0.1 टक्क्याचा करून 1 मिली घेतात, ते बरोबरच आहे. पण तुझी ती बाटली कमजोर, त्यामुळं 1 मिलीत शेड जुळेना, तू 1.1 घेतलास तेव्हा जुळली आणि रेसिपीत निळा 0.022 लिहिला गेला. बल्कला मिली कोण मोजतंय, तिथं काट्यावर पावडर पडते. 100 किलो मालाला निळा 20 ग्रॅम पाहिजे होता तिथं 22 गेला, पिवळा न् लाल मात्र बरोबर वजनात. एवढ्या फिक्या शेडमध्ये निळा तेवढाही चढला तरी खाली पिवळा आहेच, हिरवट मारणारच.

1 टक्क्याचा स्टॉक करतानाही सांभाळ. 1 ग्रॅम पावडर आधी थोड्या पाण्यात कालवून पेस्ट कर, मग कोमट पाण्यात विरघळव आणि पूर्ण निवल्यावरच 100 ची खूण गाठ, गरम असतानाच खुणेपर्यंत भरलंस तर निवल्यावर पातळी खाली उतरते आणि स्टॉक जरा दाट होतो. गडद निळ्यात, काळ्यात पिपेटमधल्या पातळीची खालची कड दिसतच नाही, तिथं वरची कड धर, पण मग दरवेळी वरचीच. रिअ‍ॅक्टिव्ह कलर असतील तर कालपरवाची बाटली वापरू नकोस, ते कलर पाण्याशीच हळूहळू रिअ‍ॅक्ट होतात आणि मग धाग्याला धरत नाहीत.

1:10 चं म्हणशील तर त्याचे दोन अर्थ चालतात, कुणी 1 भाग अ‍ॅसिड आणि 9 भाग पाणी मिळून 10 धरतं, कुणी 1 ला 10 भाग पाणी घालतं, त्यात आपल्याकडं लिकर रेशो (माल आणि कलरच्या पाण्याचं प्रमाण) 1:20 म्हटलं की 5 ग्रॅम मालाला 100 मिली असा तिसराच अर्थ. मास्तरांना एकदा विचारून घे आणि बाटलीवर 1:10 न लिहिता ‘10 मिली अ‍ॅसिटिक, एकूण 100 मिली’ असं लिही, खाली तारीख टाक. आधी फ्लास्कात थोडं पाणी घे, मग त्यात अ‍ॅसिड सोड.

जुन्या रेसिपी फाडू नकोस. ज्या ज्या ठिकाणी कलर त्या 110 वाल्या बाटलीतनं घेतला होतास तेवढाच आकडा 10 नं गुणून 11 नं भाग, 0.022 चा 0.02 होईल, 1 टक्क्यातनं घेतलेल्यांना हात लावू नकोस. मग 0.1 चा नवा करून एक हँक परत मार आणि मास्तरांना दाखवूनच बल्कला दे.