मुलगी नोकरी शोधतेय, तरी ती बेरोजगार नाही?

प्रश्न : मिस्टर यंत्रमागावर कामाला आहेत. टॉवेलला मागणी नाही म्हणून गेल्या आठवड्यात दोनच पाळ्या मिळाल्या. मी घरी बिड्या वळते. मुलगी बी.कॉम. झाली, नोकरी शोधते, तोवर माझ्या हाताखाली बिड्या बांधते. मुलगाही नोकरी शोधतोय. रोजगार केंद्रात त्याचं नाव घातलंय. सरकारी पाहणीच्या बाई येऊन गेल्या. विचारलं तर म्हणाल्या, तुमच्या घरात बेरोजगार फक्त मुलगा. हे कसं?
– एक भगिनी, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : ताई, त्यांनी नियमाप्रमाणेच लिहिलंय. २०१७ पासून चालू असलेल्या या श्रमशक्ती पाहणीत मागचे सात दिवस बघतात. त्यात एका दिवशी एक तास जरी काम केलं, तरी माणूस रोजगारात. ही एका तासाची कसोटी १९८२ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरली. उत्पादनाला ज्याचा हात लागला तो सुटू नये, हा हेतू. देशाच्या हिशोबाला ते ठीक, पण दोन पाळ्यांच्या मजुरीत किराणा कसा भरायचा, हे त्यातून कळत नाही.

तुमची नोंद स्वयंरोजगारात झाली असणार. पानं-तंबाखू कारखान्याची, मजुरी हजार बिड्यांमागे ठरलेली, छाट म्हणजे खराब बिड्या बाजूला काढणारेही तेच. तरी काम घरात बसून होतं म्हणून तुम्ही ‘स्वतःच्या धंद्यातल्या’. मी याच पाहणीत नोकरी केली आणि हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. मुलगी तुमच्या कामात बिनपगारी मदतनीस, म्हणजे तीही रोजगारात. आधी काम बघतात. काम नसेल तरच शोध बघतात.

मुलगा बेरोजगार ठरला तो काम नाही आणि शोधतोय म्हणून. रोजगार केंद्रातल्या नावाचा इथे संबंध नाही. ती यादी वेगळी. नोकरी लागल्यावरही तिच्यात नाव राहू शकतं.

मला खरी काळजी वाटते ती तिसऱ्या रकान्याची, म्हणजे रोजगारातही नाहीत आणि बेरोजगारही नाहीत अशांची. सोलापूरच्या पूर्व भागात दार वाजवलं की बाई म्हणायच्या, “मी काही करत नाही, घरीच असते.” मांडीवर सूप, कात्रीने पान कापणं चालूच! पुढचा प्रश्न विचारला नाही, तर अशी बाई ‘घरकाम’ म्हणून श्रमशक्तीच्या बाहेर जाते. आणि बेरोजगारीचा दर काढताना भागतात तो श्रमशक्तीने, म्हणजे रोजगारातले आणि बेरोजगार मिळून जेवढे होतात त्यांनी, लोकसंख्येने नव्हे. जिने कंटाळून शोध सोडला आणि “काम मिळालं तर करशील का?” या प्रश्नाला नाही म्हटलं, ती त्या भागाकारात वरही नाही, खालीही नाही. दर मात्र उतरलेला दिसतो.

२०२५ पासून निवडलेल्या घरी लागोपाठ चार महिने येतात, म्हणजे त्या पुन्हा येतील. तेव्हा मिस्टरांनी कोणत्या दिवशी किती तास काम केलं ते दिवसवार सांगा. आणखी पाळ्या मिळाल्या तर करायची तयारी आहे, हेही सांगा. जादा कामाच्या तयारीचे तास वेगळे लिहून घेतात, फक्त लोक सांगत नाहीत. मुलीच्या वतीने तुम्ही उत्तर देऊ नका, तिलाच बोलू द्या. ज्या आठवड्यात तिने बिडीला हात लावला नाही आणि अर्ज केले, तो आठवडा ती बेरोजगारच आहे. तसंच लिहून घ्यायला सांगा. तुमचं नाव-गाव बाहेर जात नाही, कायद्यानेच ते गुप्त ठेवावं लागतं.