स्टीम गार्ड चालू असूनही भावाचं खातं गेलं. हे कसं होतं आणि माझं लॉगिन सुरक्षित कसं ठेवू?

स्टीम हे कॉम्प्युटर गेमचं दुकान, आणि तिथे लॉगिन करताना पासवर्डासोबत एक कोड मागणारं कुलूप म्हणजे स्टीम गार्ड. त्याने आपलं काम चोख केलं असणार. नुसता पासवर्ड हाती लागलेल्या माणसाला आत येऊ न देणं, एवढंच त्याचं काम आहे. पासवर्ड आणि कोड दोन्ही आपणच नेऊन दिले, तर तो काही करू शकत नाही. स्टीमची बहुतेक खाती अशीच जातात. कुलूप कोणी फोडत नाही, किल्ली मागून घेतात.

मोबाइल ॲपमधला कोड पाच अक्षरी असतो आणि दर 30 सेकंदांनी बदलतो. एवढ्या वेळात चोर काय करणार, असं वाटतं. पण खोट्या पानावर माणूस बसलेला नसतो, प्रोग्राम असतो. तुम्ही तिथे नाव, पासवर्ड, कोड भरला की तो त्याच क्षणी खऱ्या स्टीमवर भरतो आणि तुमच्या नावाने आत जातो. तुम्हाला मात्र 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' असं दिसतं.

हे खोटं पान येतं बहुधा ओळखीच्याच खात्यावरून, कारण त्या मित्राचं खातं आधीच गेलेलं असतं. 'आमच्या टीमला मत दे', 'ही स्किन (गेममधल्या शस्त्राचं सजावटी रूप) फुकट मिळतेय', 'चुकून तुझ्या खात्याची तक्रार केली, आता या ॲडमिनशी डिस्कॉर्डवर (गेमर्सच्या गप्पांचं ॲप) बोल' हे ठरलेले साचे. शेवटचा सगळ्यात घातक, कारण माणूस घाबरून स्वतःच सगळं सांगत सुटतो. स्टीम चालवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीचे कर्मचारी खात्याच्या कामासाठी डिस्कॉर्डवर किंवा स्टीम चॅटवर कधीच येत नाहीत, त्यामुळे तिथे भेटलेला ॲडमिन खोटाच.

'पत्ता नीट वाचा' हा सल्ला सगळे देतात, पण तो अपुरा आहे. स्पेलिंगची चलाखी असतेच: एक अक्षर गाळलेलं, किंवा 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' चिकटवून लिहिलेले. पण हल्ली पानाच्या आतच एक खिडकी चित्रासारखी काढलेली असते. तिच्यावर पत्त्याची पट्टी, कुलपाचं चिन्ह आणि स्टीमचा अगदी बरोबर पत्ता, सगळं असतं. फक्त ती खिडकी खरी नसते. कॉम्प्युटरवर तिला वरून पकडून ब्राउझरच्या कडेबाहेर ओढून बघा. खरी खिडकी बाहेर येते, काढलेली खिडकी कडेला अडते.

याहून सोपी खूण आहे. ब्राउझरमध्ये तुम्ही स्टीमवर आधीच लॉगिन असाल, तर 'स्टीमने साइन इन करा' म्हणणारी खरी साइट तुमचं चित्र आणि नाव दाखवून एक बटण दाबायला सांगते, पासवर्ड मागत नाही. म्हणून सवय अशी लावा: आधी नव्या टॅबमध्ये स्वतः पत्ता टाकून स्टीमच्या दुकानात लॉगिन व्हा, मग त्या दुसऱ्या साइटवर परत या. तरीही पासवर्ड मागितला, तर टॅब बंद. पासवर्ड साठवून आपोआप भरणारा पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर तोही एक राखणदार आहे. खोट्या पत्त्यावर तो पासवर्ड आपोआप भरत नाही. अशा वेळी 'आज याला काय झालं' म्हणून हाताने टाइप करू नका.

क्यूआर कोडने लॉगिन करणं पासवर्ड टाइप करण्यापेक्षा चांगलं, विशेषतः गेमिंग कॅफेत, जिथे कीबोर्डवर काय दाबलं ते कोणी नोंदवून घेत असेल. पण क्यूआरसुद्धा खोट्या पानावर दाखवता येतो. चोराचा प्रोग्राम खऱ्या स्टीमकडून ताजा क्यूआर आणून तुमच्यापुढे ठेवतो. तुम्ही स्कॅन करून मंजुरी दिली की तुमच्याऐवजी तो आत जातो. म्हणून मंजुरीच्या पडद्यावर कुठलं उपकरण आणि कुठलं ठिकाण लिहिलंय ते वाचा. ठिकाण इंटरनेटच्या पत्त्यावरून काढलेलं अंदाजे असतं. तुम्ही नांदेडला असताना मुंबई दिसली तर घाबरायला नको, परदेशातलं शहर दिसलं तर मात्र नकार द्या. आणि तुम्ही लॉगिन करतच नसताना मंजुरीची विचारणा आली, तर पासवर्ड बाहेर गेलाय असं समजा आणि लगेच बदला.

आता मुळातली मांडणी. सुरुवात स्टीमपासून नाही, ईमेलपासून करा. ईमेल ज्याच्या हातात, तो स्टीमचा पासवर्ड बदलून घेऊ शकतो. त्यामुळे जीमेल असेल तर तिथे आधी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि दोन्हीकडे वेगवेगळे पासवर्ड ठेवा. मग स्टीम गार्ड ईमेलवरून मोबाइल ॲपवर आणा. ते जोडताना 'आर'ने सुरू होणारा एक रिकव्हरी कोड मिळतो, 'आर'पुढे पाच आकडे. तो कागदावर उतरवून कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. त्याच फोनमध्ये स्क्रीनशॉट ठेवून उपयोग नाही, फोन हरवला की तोही जातो. फोन बदलायचा असेल तर जुना विकण्याआधी नव्यावर स्टीम गार्ड हलवून घ्या. आणि खात्यावरचा मोबाइल नंबर चालू आहे ना, ते बघा. रिचार्ज न केल्याने बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याला देते.

गेममधल्या वस्तूंची देवाणघेवाण करत असाल तर मोबाइल ॲपवर येण्याचं आणखी एक कारण: मोबाइल स्टीम गार्ड निदान 7 दिवस चालू नसेल तर तुम्ही दिलेल्या वस्तू 15 दिवसांपर्यंत अडकून राहतात.

ज्या वाटेवर कोड काहीच करू शकत नाही ती म्हणजे मालवेअर, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये लपून चोरी करणारा प्रोग्राम. तुम्ही एकदा लॉगिन झालात की त्याची खूण कॉम्प्युटरवर साठवली जाते, म्हणून तर दरवेळी पासवर्ड लागत नाही. क्रॅक केलेला गेम, चीट, 'हा माझा नवा गेम खेळून बघ' म्हणून मित्राने पाठवलेली झिप फाइल यांतून आलेला चोर ही खूणच उचलून नेतो. फेब्रुवारी 2025 मध्ये 'पायरेटफाय' नावाचा फुकट गेम खुद्द स्टीमच्या दुकानातून मालवेअरमुळे काढून टाकावा लागला होता. त्यामुळे दुकानात आहे म्हणजे निर्धोक, असंही समजू नका. अँटिव्हायरस बंद करायला सांगणारी फाइल तर उघडूच नका. आणि कॅफेतल्या मशीनवर 'रिमेंबर मी'समोरची टिक काढून टाकूनच लॉगिन व्हा.

भावाच्या खात्याबद्दल. क्रम महत्त्वाचा आहे. ज्या मशीनवर संशय आहे त्यावरून काहीही बदलू नका, नवा पासवर्डही चोराकडे जाईल. दुसऱ्या फोनवरून आधी ईमेलचा पासवर्ड, मग स्टीमचा. त्यानंतर खात्याच्या तपशिलात सिक्युरिटीच्या भागात जाऊन सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा. मग वेब एपीआय कीचं पान बघा; ही की म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामला तुमच्या खात्यापर्यंत पोहोचू देणारा गुप्त कोड. ही पायरी लोक हमखास विसरतात. चोर तिथे स्वतःसाठी एक की काढून ठेवतो. तिच्या जोरावर तो तुमचे देवाणघेवाणीचे व्यवहार बघतो, खरी ऑफर रद्द करतो आणि त्याच नावाच्या, त्याच चित्राच्या दुसऱ्या खात्यावरून तशीच ऑफर पाठवतो. तुम्ही स्वतःच मोबाइलवर तिला मंजुरी देता. स्वतः कधी की काढली नसेल आणि तिथे एखादी दिसली, तर ती रद्द करा. पुढेही व्यवहार मंजूर करताना समोरच्याचं नाव न बघता स्टीमची पातळी आणि खातं कधी उघडलंय ते बघा, त्यांची नक्कल करणं अवघड असतं. शेवटी ते संशयित मशीन स्वच्छ करा. साधं स्कॅन पुरेल याची खात्री नसते, मी तर विंडोज नव्याने टाकायला सांगेन.

आत शिरताच येत नसेल, ईमेलही बदललेला असेल, तर स्टीमच्या मदतीच्या पानावर खातं चोरीला गेल्याचा पर्याय आहे. तिथे मालकीचा पुरावा लागतो: पूर्वीच्या खरेदीची पावतीची ईमेल, कार्डाचा तपशील, डबाबंद गेम घेतला असेल तर त्याची की. दुसऱ्याकडून विकत घेतलेलं खातं असेल तर इथेच गाडं अडतं, कारण पहिल्या खरेदीचा पुरावा मूळ मालकाकडे असतो आणि खातं विकणं स्टीमच्या करारात बसतही नाही. कार्डातून किंवा यूपीआयवरून पैसेही गेले असतील तर बँकेला कळवा आणि 1930 वर फोन करा. तिथे जितक्या लवकर नोंद होईल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

काउंटर-स्ट्राइक 2 च्या स्किन गेल्या असतील तर घाई करा. जुलै 2025 पासून या गेमच्या वस्तूंचा व्यवहार 7 दिवसांच्या आत उलटवता येतो. खातं ताब्यात आलं की व्यवहारांच्या इतिहासाच्या पानावर ती सोय दिसते. त्यात निवड करता येत नाही, मुदतीतले सगळे व्यवहार एकदम उलटतात, आणि नंतर 30 दिवस खात्याला देवाणघेवाण करता येत नाही. चोरी होऊन किती दिवस झाले ते तुम्ही लिहिलेलं नाही. सात झाले नसतील तर खातं परत मिळवायचं काम आजच हाती घ्या.